डोरिनाला ‘या’ म्हटलं

२० एप्रिल

आले एकदाची नागपूरला! तुमसरला गाडीत बसताना आईने डोळ्याला पदर लावला, जशी काही मी सातासमुद्रापलीकडे चालले होते. गंमत अशी की नोकरी खरंच समुद्राची आहे. मी समुद्र आजवर फक्त कॅलेंडरवर पाहिलाय, आणि उद्यापासून मोठमोठ्या जहाजांना मी सांगणार, बाबांनो, पुढे जा की थांबा. बाबा म्हणाले, पोहता न येणारीच माणसं काठावरून जास्त ओरडतात.

खोली नंदनवनात, अंजनाबाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर. नाव नंदनवन, आणि गल्लीत झाड म्हणाल तर एक कडुनिंब. पण कूलर दणदणीत आहे, नवा वाळा भरलाय, खोलीभर गार वास. अंजनाबाई साठीच्या, एकट्याच राहतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, इतका पिकलेला की माणसं पावलांवरून ओळखतात. मी जिना चढले तर खालून ओरडल्या की चप्पल उजवीकडून झिजली आहे. खरंच झिजली आहे!

बैठकीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याखाली पांढऱ्या गणवेशातला मुलगा, पियुष. जहाजावर अधिकारी आहे. डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख वीस मे मिळाली आहे. तो असल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही म्हणून बाईंनी दोनदा तारीख मोडली. या खेपेला तो येणार म्हणाला आहे. मला म्हणाल्या, आई म्हण. म्हटलं, म्हणेन की.

२२ एप्रिल

ऑफिस धरमपेठेत, एका शिकवणी वर्गाच्या वर. खाली पोरं सूत्रं घोकतात, वर आम्ही जहाजं. भिंतभर नकाशा असलेला स्क्रीन आणि त्यावर ठिपके. एक ठिपका म्हणजे एक जहाज. परदेशी मालकांना आम्ही रोज कळवायचं: कालव्याच्या तोंडाशी किती जहाजं रांगेत आहेत, वाळूचं वादळ आहे का, पाणी किती खोल. कालवा म्हणजे आपल्या महाल भागातली गल्ली समजा, वरात घुसली की बाकीच्यांनी थांबायचं. कालवा ओलांडला की खाली तांबडा समुद्र, आणि त्याच्या टोकाला एक चिंचोळी सामुद्रधुनी. खरा धोका तिथे. तिथे जहाजांवर हल्ले होतात. म्हणून प्रत्येक जहाजाला आम्ही रंग देतो. हिरवा म्हणजे जा, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे सगळ्या आफ्रिकेला वळसा घाला. वळसा म्हणजे दोन आठवडे जास्त.

साहेब रुपरावजी, महालातले, तीस वर्षं जहाजावर काढलेली. पियुषला समुद्रावर त्यांनीच धाडलं आणि मला खोलीही त्यांनीच बघून दिली. शेजारच्या टेबलावर चारुशीला, कामापुरतं बोलणारी.

रुपरावजींनी बरेच नियम सांगितले, त्यातला एक मात्र अजबच. जहाजावरून आपल्याकडचा कोणी फोनवर ‘येतो’ म्हणाला, तर उत्तरादाखल ‘या’ म्हणायचं नाही. ‘ठीक’ म्हणायचं आणि फोन ठेवायचा. मी कारण विचारलं तर चिडलेच. ‘काहून काहून करू नको वं. सांगतलं तेवढं कर.’

आता बोला. आमच्या तुमसरला कोणी ‘येतो’ म्हणावं आणि आपण ‘या’ म्हणू नये, तर म्हणतील पोरीला वळण नाही. निघताना ‘जातो’ कोणी म्हणत नाही, ते कोणाबद्दल म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे. पण साहेबांचं मीठ खाते तर साहेबांचं ऐकावं. ठीक तर ठीक.

२९ एप्रिल

आज पियुषचा फोन आला! जहाजाचं नाव डोरिना, एकवीस माणसं, खत भरून मुंद्रा बंदराकडे निघालंय. आवाज इतका जवळचा की वाटलं इतवारीतून बोलतोय. आईची चौकशी केली. माझं नाव विचारलं. म्हणाला, गोपिका, माह्या खोलीत राहून राहिली तू, कूलरचं पाणी आईले भरू नको देऊ, जिन्यावरून घसरते ते. शेवटी म्हणाला, येतो. माझी जीभ वळवळली. पण ‘ठीक’ म्हटलं आणि फोन ठेवला. उर्मट वाटलं स्वतःचंच.

३ मे

आज एक काम केलं, ते लिहून ठेवते.

डोरिना कालव्याच्या तोंडाशी पोचली. रुपरावजी काटोलला लग्नाला गेलेत, फाइल माझ्याकडे. गेल्या दोन दिवसांत सामुद्रधुनीजवळ दोन अनोळखी बोटी दिसल्याची नोंद आहे. नियमाने रंग पिवळा. पण पिवळा दिला तर मालक थांबायला तयार नाहीत, वळसाच घालायला लावतील. मग पियुष जूनमध्ये येणार. वीस मे पुन्हा मोडणार, आणि डॉक्टरांनी बाईंना सांगितलंय की आता उशीर झाला तर नजर परत येईलच असं नाही.

मी हिशेब मांडला. हिरवा दिला तर अठरा मेला जहाज मुंद्र्याला, एकोणीसला तो घरी.

हिरवा दिला. दोन बोटी तर काय, मासे धरणाऱ्याही असतील.

७ मे

वाळूच्या वादळाने एक दिवस खाल्ला, पण डोरिनाने कालवा ओलांडला. घरी आल्यावर आई (आता तोंडात बसलंय) रोज विचारतात, कुठपर्यंत आला? मी त्यांचं बोट धरून भिंतीवर फिरवते. हा कालवा, हा तांबडा समुद्र, हे दार, आणि हे आपण. आज बोट ‘दारा’जवळ आलं तर त्या हसल्या. त्या सामुद्रधुनीच्या अरबी नावाचा अर्थ अश्रूंचं दार असा आहे, असं चारुशीला म्हणते. ते मी आईंना सांगितलं नाही.

९ मे

दुपारी पियुषचा फोन. उद्या पहाटे दार ओलांडणार. पोरगा जाम खुशीत होता. मागे कोणीतरी गाणं म्हणत होतं, भांडी वाजत होती. म्हणाला, आईले सांग, वीस तारखेले तिचा हात धरून मीच नेतो दवाखान्यात. बरं, येतो.

मी म्हटलं, या.

जिभेची सवय. शब्द सुटला आणि फोनही कटला. चारुशीलाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायला उठले.

१० मे

डोरिनाचा ठिपका सकाळी सहा बारानंतर नाही.

दोन बोटी आल्या. एक येऊन मध्यावर आदळली, तिच्यात स्फोटकं होती. जवळच्या जहाजाने आग पाहिली, नंतर धूर, आणि नंतर नुसतं पाणी. त्याच दोन बोटी. मी केलं हे. दुसऱ्या कोणी नाही, मी.

१२ मे

एकही माणूस सापडला नाही. मालकांनी बेपत्ता असा शब्द वापरला. रुपरावजी घरी येऊन आईंना तोच शब्द सांगून गेले. मी दाराआड उभी होते. आई शांतपणे म्हणाल्या, ‘बेपत्ता म्हणजे ज्याले पत्ता माहीत नाही तो. माह्या पोराले घरचा पत्ता पाठ हाय.’

मग मला चहा करून दिला. मला! मी तो प्याले.

१३ मे

डोरिना स्क्रीनवर आली.

मी किंचाळलेच. सामुद्रधुनीच्या अलीकडे, वेग बारा नॉट, तोंड पूर्वेला. जिवंत आहेत! चारुशीलाने समजावलं की त्या पाण्यात खोटे संदेश सोडतात, जहाजं भलतीकडे दिसतात, मागे एक जहाज चक्क विमानतळावर दिसलं होतं. असेल. पण ठिपक्यासोबत कुठे निघालो हे लिहायची एक जागा असते आणि ते जहाजावरचा अधिकारी हाताने भरतो. तिथे आधी मुंद्रा होतं. आज नंदनवन आहे.

रुपरावजींनी ते वाचलं आणि खाली बसले. विचारलं, तू ‘या’ म्हटलं काय?

१४ मे

रुपरावजींनी सगळं सांगितलं. माझ्या आधी या खुर्चीवर शामला होती, इथेच धरमपेठेत राहायची. तीही असंच एकाला म्हणाली होती, या हो घरी. ते जहाज बुडालं. अकराव्या दिवशी शामलाची खोली आतून बंद सापडली. फरशीवर चार बोटं पाणी, खारं. शामला नव्हती.

पाण्यात मेलेल्याला आपण कुठे आहोत ते कळत नाही, म्हणाले. कोणी बोलावलं असेल तर तो तिकडेच निघतो. परतवायला एकच उपाय. ज्याने बोलावलं त्याने घरच्या माणसापुढे तोंडाने म्हणायचं: गेला. दुसऱ्याने म्हणून चालत नाही, लिहून चालत नाही.

एक शब्द. मला तो आईंना सांगायचा आहे. आणि गेला म्हटलं की कसा गेला, कोणी जा म्हटलं, तेही सांगावं लागेल.

१५ मे

आई त्याचे शर्ट धुत होत्या. उद्या सांगेन.

१६ मे

समोर बसले. हात हातात घेतला. ‘आई, पियुष...’ म्हटलं. त्यांनी तोंड वर केलं, ते पांढरे डोळे, आणि इतकं हसू. मी म्हटलं, पियुषच्या कूलरचा पंप बिघडत गेलाय. तो शब्द आला तोंडातून, पण कुठे आला बघा. थू माझ्यावर.

१८ मे

मुंद्र्याकडे वळली नाही. सरळ येते आहे.

कूलरचं पाणी खारट लागतंय. वाळ्यावर पांढरी खपली धरली आहे. नागपुरात पंचेचाळीस डिग्री, आणि माझ्या खोलीतल्या भिंती ओल्या.

घसा बसलाय.

१९ मे

सकाळी साडेदहाला किनारा आला. थांबली नाही — सुरतेच्या खालून जमिनीवर चढली. वेग तोच, बारा नॉट. सायकलवाल्याचा वेग. संध्याकाळी जळगावच्या अलीकडे. चारुशीला रडायला लागली, निघून गेली. रुपरावजी म्हणाले, पोरी, आज सांग. हात जोडले त्यांनी.

घरी आले तर आई पुरण शिजवत होत्या. उद्या दवाखान्यात उपाशी जायचं ना, म्हटलं. म्हणाल्या, मी कुठी जाऊन राहिली? तो आल्यावर जाईन.

सांगायला तोंड उघडलं. नुसती हवा. खोकले तर मीठ —

२० मे, सकाळी नऊ

अमरावती. स्क्रीन पोचण्याची वेळ दाखवतो: दुपारी तीन चाळीस.

आवाज नाही. अजिबात नाही. मिठाच्या गुळण्या केल्या — हसू येतं, मिठाच्याच. रुपरावजींना फोन लावला, ते हॅलो हॅलो करत राहिले. आईंचा हात धरून तळव्यावर बोटाने लिहिलं, गे — त्यांनी हात सोडवून घेतला. गुदगुल्या होतात म्हणाल्या.

पाच दिवस आवाज होता मला. पाच दिवस.

दुपारी दोन

खोलीत पाणी, घोट्याएवढं. खाली जायला निघाले — जिन्याच्या तिसऱ्या पायरीला कमरेएवढं. खालच्या घरात मात्र कोरडं. आई फरशीवर बसून भाजी चिरताहेत. पाणी फक्त माझ्यासाठी आहे. परत वर आले.

साडेतीन

भोंगा. जहाजाचा. भर दुपारी, नंदनवनच्या गल्लीत. कुत्री गप्प झाली.

आई उठल्या. पदर सारखा केला.

तीन चाळीस

दार उघडलं त्यांनी. म्हणाल्या, ये.

पावलं — आईंना पावलं ओळखता येतात, देवा, त्यांना कळेल — नाही. हसताहेत.

वर तोंड करून मला ओरडून सांगताहेत: ‘गोपिका, एकटा नाही आला वं! सगळेच आणले सोबत. पियुष म्हणते, तूच या म्हणाली. ये म्हणाली असती त मी एकटाच आलो असतो म्हणते.’

मान द्यायला म्हटलं होतं. एकाला. एकाच माणसाला —

‘वर हाय ते,’ म्हणाल्या. ‘थांबा, चहा ठेवते एकवीस कप.’

जिन्यावर पावलं. ओली. मोजू नये.

मोठ्या अक्षरात लिहिते. डोळ्याशी धरलं तर कदाचित आईंना दिसेल. लिहून चालत नाही, माहीत आहे. तरी.

आई, पियुष

आई, पियुष गे