वायपरच्या बाटलीतलं निळं पाणी

२६ सप्टेंबर १९९४, सोमवार

प्रश्न उमा विचारते आणि गोपसेठ उत्तर मला देतो! उल्हासनगरातल्या त्याच्या गॅरेजात आज हेच चाललं होतं. मला गाडीतलं काही कळत नाही. तरी मलाच — "दीदी, बेटी को समझाओ. टर्बो गाडी है, टेबल फॅन नहीं."

ही बेटी, माझी लेक, मेकॅनिकल इंजिनिअर आहे. अंबरनाथच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करते.

माझ्या नवऱ्याने, श्रीपादने, मस्कतहून आणलेली ही जपानी गाडी चढावर जोरात दाबली की इंजिन खडखडतं. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, हवा तापते, पेट्रोल वेळेआधी पेटतं — उमाने मला भाजी निवडताना समजावलं. उपाय असा, की पाणी आणि मिथेनॉलचा बारीक फवारा आत सोडून ती थंड करायची. दसऱ्यानंतरच्या रविवारी बारवीच्या रस्त्यावर चढाची शर्यत आहे. पुण्याच्या एका कंपनीचे साहेब बघायला येणार. इंटरव्ह्यूत ते तिला म्हणाले होते, "काही करून दाखवा, मग नोकरीचं बोलू." ती करून दाखवणार आहे.

२९ सप्टेंबर

उमाबरोबर मिथेनॉल आणायला गेले तर दुकानदार मला म्हणाला, "मिस्टरांना पाठवा." मिस्टर मस्कतला. "मग सासऱ्यांना पाठवा." अण्णांचं वय ऐंशीच्या घरात, जन्म काडेपेटीच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात गेला. पण ते चालतील, इंजिनिअर मुलगी नाही! शेवटी उमाच्या कारखान्यातून रीतसर सही करून मिळालं.

अण्णांचा जेवताना टोमणा — "शर्यतीत काय मिळतं? कप? घरात कपबशा आहेत की."

२ ऑक्टोबर

बेलवलीतल्या आमच्या अंगणात दिवसभर काम. वायपरची पाण्याची बाटली हीच टाकी. तिचाच पंप. फवाऱ्याला स्टोव्हचं निपल! हवेच्या नळीला भोक तेवढं गोपसेठने पाडून दिलं होतं, तेही हसत — "स्टोव्ह बना रही है क्या? चाय भी निकलेगी?" उमा हसली. मी नाही हसले.

मिश्रण दिसायला पाणीच. कोणी चुकून प्यायलं तर डोळे जातील, जीवही जाईल. म्हणून उमाने त्यात चिमूटभर नीळ टाकली. उरलेला कॅन कुलपात.

५ ऑक्टोबर

पहाटे बारवीच्या चढावर गाडी नेऊन पाहिली. खडखड बंद. उमा परत येताना गुणगुणत होती.

११ ऑक्टोबर

कपबशांच्या टोमण्यानंतर अण्णा उमाशी बोललेलेच नाहीत. मी कॉलम लिहिते त्या पेपरच्या पुरवणीची पानं वेळेवर गेली.

१४ ऑक्टोबर, दसरा

उठून पाहते तर अण्णा बादली घेऊन गाडी धुताहेत! मी फडकं मागितलं तर दिलं नाही. "वाहन आहे, पूजा नको?" बॉनेट उघडून आतूनही पुसलं. झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. संध्याकाळी उमाने आपट्याची पानं देऊन वाकून नमस्कार केला तेव्हा म्हणाले, "रविवारी मला पुढच्या सीटवर बसवून न्यायचं." उमाचे डोळे भरले. माझेही.

१६ ऑक्टोबर, रविवार

उमा शेवटची आली. बैलगाडीसारखी चढली गाडी. रस्त्याच्या कडेला पोरं ओरडत होती, "ताई, गिअर बदला!" पुण्याचे साहेब मला — पुन्हा मलाच — म्हणाले, "घाबरली बिचारी. स्वाभाविक आहे." उमा नुसती "जमलं नाही सर" म्हणाली. एवढंच! अण्णांनी आणलेले पेढे तरीही वाटले.

निपल उघडलं तेव्हा त्यात गाळ अडकलेला. गोपसेठच्या भोकातला कीस असणार, दुसरं काय.

१७ ऑक्टोबर

गॅरेजात जाऊन त्याला सुनावलं. तो चिडला नाही. "दीदी, मजाक मैं करता हूं. काम में मजाक नहीं करता." मला पटलं नाही. आल्यावर एका बैठकीत कॉलम लिहिला. मुलींना हसणारी गॅरेजं, निष्काळजी काम, गोपसेठचं नाव ठळक. उद्या दुपारी बारापर्यंत पोचवायचा. इतका चांगला राग बऱ्याच दिवसांत कागदावर उतरला नव्हता.

१८ ऑक्टोबर

उमाने कॉलम वाचला. म्हणाली, "गोपसेठचं नाव काढ, आई. शर्यत सुटायच्या आधी तिथे बॉनेट उघडलं तेव्हाच दिसलं मला. बाटलीत निळं पाणी नव्हतं. दसऱ्याला अण्णांनी घाण पाणी समजून ओतून दिलं, बाटली घासून विहिरीचं भरलं. त्याचाच गाळ तो. कॅन घरी होता. इंजिन वाचावं म्हणून हळू नेली."

"मग साहेबांना सांगितलं का नाहीस?"

"अण्णा शेजारी उभे होते. पेढे घेऊन."

बारा वाजून गेले. कॉलम माझ्या पर्समध्येच आहे.