वाळुंजाची खोली

बाबा, तुम्हाला एकदा आमच्या शाळेच्या अंगणात नेऊन एक खोली दाखवायची होती. तिला वीट नाही, दगड नाही, सिमेंटचं एक घमेलंही लागलेलं नाही. भिंती आरपार दिसतात, छप्पर पानांचं आहे, आणि दर पावसाळ्यात ती थोडी वाढते. तुम्ही आधी हसला असतात. "ह्याला खोली म्हणतात काय गो?" असं म्हणून विडी शिलगावली असती. म्हणून ती कशी झाली ते सगळं सांगते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः आता निवृत्तीला आले, पण बांधकामातलं काही केलं की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय पुरं झालं असं मला वाटत नाही.

तुम्ही गवंडी आणि मी तुमची थोरली, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मी तुमच्याबरोबर कामावर. कापडे गावाच्या बाजूला तुम्ही शाळेच्या दोन खोल्या बांधत होतात ती सुट्टी मला अजून लख्ख दिसते. मी दोरीचं टोक धरून उभी आहे. डोक्यावर तुमचाच टॉवेल, पायाखाली तापलेली वाळू. भिंत माझ्या कमरेएवढी आली आहे आणि मी म्हणते, "बाबा, सरळ हाय की." तुम्ही थापी खाली ठेवता आणि सगळ्या मजुरांसमोर मला झापता. "डोळ्यावर जाऊ नको. ओळंबा सोड, मग बोल. हितं पोरं बसणार हायत." मला रडू येतं. पण ओळंबा सोडल्यावर भिंत बोटभर बाहेर गेलेली निघते, आणि तुम्ही वरचे दोन थर मुकाट्याने उतरवता. दुपारी भाकरी खाताना तुमच्या पानातला बोंबील माझ्या पानात येतो. 

मला पोलादपूर तालुक्यात वरच्या अंगाच्या शाळेवर नेमणूक मिळाली, तेव्हा बाकीच्यांच्या बापांनी घड्याळं दिली, साड्या दिल्या. तुम्ही एसटीने आलात, शाळेभोवती एक फेरी मारलीत, भिंतींवर बोटांची पेरं वाजवून पाहिलीत आणि म्हणालात, "पश्चिमेची भिंत पावसात गळणार." पुढच्या रविवारी सिमेंटची गोणी घेऊन परत आलात आणि एकट्याने ती भिंत दुरुस्त केलीत. ती भेट मी आजवर कुणाला मोजून दाखवू शकलेले नाही. बदल्या झाल्या, फिरून मी त्याच शाळेवर आले. ती भिंत अजून गळत नाही.

त्या भिंतीवर माझा एवढा भरवसा, आणि त्याच शाळेत एक मुलगी आली जिला भिंतीच नको होत्या. काही पावसाळ्यांपूर्वी वरच्या वाडीवर दरड आली. दुसरीतली ही पोर पडलेल्या घरातून जिवंत निघाली, तिची आजी निघाली नाही. नंतर तिच्या घरची माणसं शाळेजवळ तिच्या मामाकडे राहायला आली. बाप मुंबईची नोकरी सोडून परतला. मुलगी शाळेत रोज यायची, दप्तर घेऊन, वेणी घालून, पण पायरीशी थांबायची. वर छप्पर म्हणून ओटीवरसुद्धा पाय टाकायची नाही. आंब्याखाली छत्री उघडून बसायची आणि खिडकीतून येईल तेवढा धडा ऐकायची. बाप मला म्हणाला, "मॅडम, पोरगी घरात झोपत नाय. अंगणात खाट टाकतो, पाऊस आला का वर प्लास्टिक धरून बसतो. डॉक्टर झाला, देव झाला. आता तुमीच काय तो बघा."

मी काय बघणार? मी गवंड्याची मुलगी. मी तिला तुमच्या भिंतीजवळ नेलं, बाहेरून हात लावायला लावला आणि सांगितलं, "ही माझ्या बाबांनी केली आहे. किती भक्कम आहे बघ." तिने हात ठेवला, काढून घेतला आणि शांतपणे म्हणाली, "आमची पन भक्कम होती, बाई."

त्यानंतर कितीतरी दिवस मला दुसरं काही सुचेना. मग शिक्षकांच्या प्रशिक्षणात कुणीतरी फोनवर परदेशातल्या शाळांच्या बागा दाखवत होतं. तिथे नदीकाठच्या एका झाडाच्या ओल्या फांद्या जमिनीत गोल रोवतात, एकमेकींत विणतात, वर शेंडे बांधतात. फांद्यांना मुळं फुटतात आणि जिवंत झोपडी उभी राहते. आत बसलेली मुलं बाहेरून दिसत होती, आणि आतल्या मुलांना आभाळ. मी ते झाड पुन्हा पुन्हा पाहिलं. अरुंद पानं, पाण्याशी वाकलेलं. आपलं वाळुंजच की हे! सावित्री नदीच्या काठाने लहानपणापासून पाहिलेलं, फक्त त्याची खोली होते हे ठाऊक नव्हतं.

नदीतला गाळ काढताना काठची वाळुंजं आडवी झाली होती. मुलीच्या बापाने टेम्पो मिळवला आणि दिवाळीनंतर आम्ही फांद्या आणून रोवल्या. सगळ्या वाळल्या. माती तापली, पाणी पुरलं नाही. मुलं हिरमुसली, मी त्याहून जास्त. पण तुम्ही उतरवलेले ते दोन थर डोळ्यांपुढे होते. सगळं उपटलं आणि पाऊस लागल्यावर, जूनमध्ये, नव्या फांद्या आणून पुन्हा केलं. या वेळी ढोपरभर खोल चर खणला, शेणखत घातलं आणि मुलं जेवणानंतर हात धुतात त्या पाण्याला पाट काढून ते मुळाशी आणलं. फांद्या तिरप्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, अशा विणत गेलो. मुलांनी सुतळीच्या गाठी मारल्या. ती मुलगीही कामाला लागली, कारण काम उघड्यावर होतं. ओळंबा सोडायची सोयच नव्हती बाबा, सगळंच वाकडं. पण प्रत्येक जोड मी हाताने ओढून पाहिला. हितं पोरं बसणार होती.

अंकुर फुटले, पानं आली, आणि शाळा समितीचे अध्यक्षही आले. "मॅडम, गारव्याला साप येतील. उद्या काय झालं तर गाव मला विचारणार. हे काढा, आपण पत्र्याची शेड मागू." मी म्हटलं, "रोज सकाळी मी स्वतः आत जाऊन बघते, मगच मुलांना सोडते. गवताची एक काडी वाढू देत नाही. श्रावण सरेपर्यंत थांबा." ते थांबले, पण खुशीने नाही. आणि त्यांचं चूक होतं असंही नाही. मलाही धाकधूक होतीच.

मुलगी बाहेरून बघत राहिली. इतर मुलं आत-बाहेर करायची, ही पानं मोजत असल्यासारखी उभी. एक दिवस मधल्या सुट्टीत मला विचारते, "बाई, हे पडलं तर?" मी म्हटलं, "पडलं तर अंगावर पानं पडतील." दरडीनंतर ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. दार बुटकं ठेवलं होतं, ती वाकली आणि आत गेली. मी जागची हलले नाही, कुणाला बोलावलं नाही. थोड्या वेळाने बाहेर येऊन दप्तर घेऊन पुन्हा आत गेली. त्या दिवसापासून आमचा तिसरीचा वर्ग तिथेच भरू लागला. अध्यक्ष श्रावण सरता सरता आले तेव्हा ती आतून मोठ्याने कविता वाचत होती. ते चपला काढून उभे राहिले, ऐकलं आणि गेले. शेडचं नाव परत निघालं नाही. उन्हाळ्यात पाण्यासाठी त्यांनीच आपल्या विहिरीवरून पाइप टाकून दिला.

पुढचं मला सुचलेलं नाही, ते तिला सुचलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये ती म्हणाली, "बाई, हितून ओटीपर्यंत पन लावू या ना. पावसात पोरं भिजतात." म्हणून आम्ही खोलीपासून वर्गापुढच्या ओटीपर्यंत दोन्ही बाजूंनी वाळुंज लावलं आणि वर कमान बांधली. ती रोज त्या हिरव्या बोळातून थोडं पुढे यायची आणि परत फिरायची. मी तिला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. थंडीच्या दिवसांत एका सकाळी मी फळ्यावर गणित लिहीत होते. वळून पाहिलं तर ती पहिल्या बाकावर बसून वही उघडत होती. मी गणित लिहून पुरं केलं. बाहेर तिचा बाप कमानीखाली उभा होता, तोंडावर पंचा धरून.

आता ती पोलादपूरला हायस्कुलात जाते, वरच्या मजल्यावर तिचा वर्ग आहे. घरातही झोपते, खिडकी मात्र उघडी लागते. आजूबाजूच्या शाळा आमच्याकडून फांद्या घेऊन जातात. लावायचं कसं ते आमची मुलंच त्यांना शिकवतात, आणि जोड ओढून बघायला सांगतात.

बाबा, हे पत्र कुठे टाकायचं नाही. लिहून झालं की घडी घालून कपाटात ठेवीन. परवा गावाने माझा सत्कार केला, शाल दिली, भाषणं झाली. मी हात जोडून सगळ्यांना म्हटलं की यात माझं काही नाही, हे मुलांचं काम. ते खोटं होतं. माझंही होतं, आणि ते कुणीतरी बोलून दाखवावं असं मला वाटत होतं. शाल खांद्यावर पडली तेव्हा मी एवढी म्हातारी बाई, मागच्या खुर्च्यांमध्ये तुम्हाला शोधत होते.