वळणावरचा दगड

९ जानेवारी

पोचलो. एटापल्लीच्या पुढं बसनं कंबर मोडून टाकली! समाजमंदिराची खोली मिळाली, दाराला कडी नाही.

गावातला रस्ता रुंद होणार. वाटेत मेलेल्या माणसांचे उभे दगड आहेत. रस्त्याचे साहेब म्हणाले — मास्तर, तुम्ही इतिहासवाले, जुने कोणते तेवढी यादी द्या. जुन्यांना वळसा, बाकीचे मशीन बाजूला करेल.

मी कोण ते इथं कोणालाच सांगितलं नाही. आरोग्य उपकेंद्राच्या क्वार्टरला कुलूप आहे. मागं शेवगा. त्याच्या शेंगा शनिवारी घरी यायच्या. ज्योत्स्ना अकरा वर्षं इथं सिस्टर होती, आणि मी, तिचा नवरा, चामोर्शीहून एकदाही आलो नाही. रजा नाही म्हणायचो. रजा कसली — कंटाळा! येत्या महिन्यात तिला जाऊन वर्ष होईल.

१० जानेवारी

वारलूभाऊ नावाचे म्हातारे सोबत फिरतात. दर दगडाशी थांबतात. "हा माह्या आज्याचा. हा त्याच्या आज्याचा." कोणी गेलं की डोंगरातून दगड आणायचा, उभा करायचा. ही रीत अजून चालू आहे! वर्गात मी हेच 'महापाषाण काळ' म्हणून दोन मार्कांसाठी शिकवलं. तीस वर्षं. माझं मलाच हसू आलं. सांगायला कोणी नाही.

दगडांच्या बुडाशी तांदळाचे दाणे होते. मी विचारलं. "घरच्या माणसानंच टाकाचे, मास्तर. दुसऱ्यानं टाकले तं चालत नाई."

११ जानेवारी

एकतीस झाले. खडूनं नंबर टाकले. पाठ गेली.

१२ जानेवारी

शेवटचा दगड नवाच निघाला. कमरेएवढा, ओबडधोबड, नेमका रस्त्याच्या वळणावर. बुडाशी एक दाणा नाही.

"किती जुना, भाऊ?"

"मांगच्या उन्हाळ्यातला."

"मग नको. यादीत जुनंच पाहिजे."

ते दगडावरची धूळ पुसत राहिले. कोणाचा ते मी विचारलं नाही. लिहिलं — अलीकडचा, हलवण्यास हरकत नाही. यादी साहेबांच्या माणसाजवळ देऊन टाकली. पंधरा तारखेला मशीन येते.

काम झालं, तर बरं वाटायला पाहिजे होतं. एकट्यानं वरणभात गिळला. घरी तरी कोण वाट पाहून राह्यलं!

१३ जानेवारी

बस नाही. दिवसभर शेवग्याखाली बसलो.

१४ जानेवारी

संक्रांत. ज्योत्स्ना डबा भरून तिळाचे लाडू इकडे आणायची. मी चिडायचो — घरच्यांसाठी काही ठेवशील की नाही!

सकाळी वारलूभाऊंची सून मंगली चहा घेऊन आली. म्हणाली, "आज सिस्टरबाई असती तं लाडू भेटले असते."

"कोणती सिस्टर?" — किती खोटारडा मी!

"जोत्स्नाबाई. माही दोनी लेकरं तिच्याच हातची. मांगच्या साली गेली. घरून निरोपबी नाई आला, मास्तर! आमाले महिन्यानं समजलं. मंग साऱ्या गावानं दगड ओढत आनला. वळनावर पायला ना तुमी?"

चहा बाजूला ठेवला. "त्याच्यापाशी तांदूळ काऊन नाई?"

"तिचं मानूस आलंच नाई ना."

निरोप मीच धाडायचा होता. सुचलंच नाही मला! आणि परवा स्वतःच्या हातानं लिहून दिलं — हलवण्यास हरकत नाही.

तेव्हाही तोंड उघडलं नाही. भेकड! टेकडीवर चार वेळा चढलो, साहेबांना फोन लागत नाही. मशीन उद्या.

१५ जानेवारी

मशीन आलं. वळणावरच्या दगडाला पाठ लावून बसलो. ड्रायव्हर ओरडला, "ओ मास्तर, तुमीच तं लिहून देल्लं हा हटवाचा म्हणून! कोन लागते तुमचा?" सारा गाव पाहत होता.

"माही बायको होय."

मंगलीनं तोंडाला पदर लावला. वारलूभाऊ घरी गेले, तांदूळ घेऊन आले आणि माझ्या ओंजळीत ओतले.