घोळ नको

रविवार, १४ मार्च, सकाळ

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. सहा फुटी माणसाला टिल्लू म्हणू नये हे मला कळतं, पण आता उशीर झाला. इकडे सगळं ठीक. दुकान चालू आहे. गुडघे कुरकुरतात, शिवणाचं मशीन कुरकुरत नाही. भाचीचा हलणारा दात पडला का? भावजयीची कंबर कशी आहे?

तुझं पत्र मिळालं. ‘ताई, फोन उचलत नाहीस, उचललास तर बरं बरं म्हणून ठेवून देतेस. माझं काय चुकलं ते तरी सांग. अबोला किती दिवस धरणार?’ वाचून आधी हसू आलं, मग गेलं. सांगते. पण त्याआधी जरा आमच्या गल्लीतलं.

हल्ली मी काम करता करता मान वर करून बाहेर बघत बसते. समोरचा बेकरीवाला पाव कागदात गुंडाळताना काहीतरी पुटपुटतो. मला वाटायचं, गिऱ्हाइकांना शिव्या घालतो. नीट बघितलं तर गडी गातोय! ओठांवर तीच ओळ फिरून फिरून येते आणि जागेवर आली की मान डोलते.

बसथांब्यावर एक आजोबा आपल्या बायकोच्या कोटाचं वरचं बटण लावून देतात. बटण लावलेलंच असतं. ते काढतात आणि परत लावतात. आजी हनुवटी वर करून शहाण्या मुलीसारखी उभी राहते. माझ्या नाकासमोर हे वर्षानुवर्षं चाललं असणार, आणि मी खाली मान घालून काजं करत बसले होते. केस कापणारी शेजारीण तर गिऱ्हाईक बोलायला लागलं की नकळत त्याच्यासारखाच चेहरा करते. तिला अजून सांगितलेलं नाही, नाहीतर थांबेल.

आता मुद्द्याचं. मागच्या महिन्यात शाळेतल्या बाई लेकीच्या फ्रॉकचं कापड घेऊन आल्या. जाता जाता दारातून म्हणाल्या, “खाली घोळ नको.” माझ्यापर्यंत पोचला तो नुसता घोळ. मग काय, मी असा घोळ दिला की कापडाचा तुकडा उरला नाही.

“अहो, घोळ नको म्हटलं होतं ना!”

“काय?”

त्या परत बोलल्या. मी परत “काय?” मग त्या माझ्यासमोर आल्या, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि सावकाश, तोंड उघडून म्हणाल्या, “घोळ. नको.” तेव्हा कळलं, आणि दोघी हसत सुटलो, कारण घोळ तर होऊन बसला होता. लेक मात्र आरशासमोर गोल गोल फिरत होती. फ्रॉक काही काढेना.

टिल्लू, मला ऐकू येत नाही. डावा कान गेल्या वर्षीच गेला, उजवाही निघालाय. डॉक्टर म्हणाले, कानातल्या यंत्रानं थोडंफार भागेल, गेलेलं परत येणार नाही. फोनवर तर तू पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतोस. तुझ्या बढतीला मी बरं बरं म्हटलं, तुझ्या सासऱ्यांच्या आजारपणालाही तेच म्हटलं असणार. अबोला कसला रे, वेड्या! एका संध्याकाळी दुकान बंद करून पोटभर रडले. मग उठून दिवा लावला आणि कापायला घेतलं.

तू म्हणशील, दुकान विक आणि इकडे ये. येणार नाही. हात शाबूत आहेत, डोळे पूर्वीपेक्षा तिखट झालेत. गिऱ्हाइकाला उजेडात उभं करते. दारावर पाटी लावलीय, ‘तोंड दाखवून बोला.’ लोक हसतात आणि दाखवतात.

भीती वाटते ती एकाच गोष्टीची. तुझा आवाज माझ्याकडून विसरला जाईल. अजून तो जसाच्या तसा आहे, अगदी “ताये” म्हणताना शेवटी वर जातो तिथपर्यंत. तेव्हा तू फोन करू नकोस, तूच ये. खिडकीकडे तोंड करून समोर बस आणि बोल. ओठ तुझे दिसले की आवाज मी माझ्याकडचा लावीन.

अडचण एकच. तुझी ती झुपकेदार मिशी ओठांवर उतरते, तिच्याआडचं मला एक अक्षर कळायचं नाही. कॉलेजपासून जपलीस, लग्नात भावजयीनं हट्ट केला तरी हात लावू दिला नाहीस, ठाऊक आहे. काढून ये.

तुझ्या तोंडाकडे बघत बसणारी,
ताई