आधी तोटे, मग फायदे

४ ऑगस्ट
प्रिन्सिपॉल मॅडमनी बोलावलं. माझ्या मराठी-इंग्रजी वर्गाला पंधरा मुलं झाली तर वर्ग चालू, नाहीतर वर्ग बंद. आणि मीही. (हे शेवटचं त्या बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं.) आत्ता अकरा आहेत. गुरुवारी हॉलमध्ये दहा मिनिटं बोलायचं: दोन भाषा येण्याचे फायदे, अभ्यासात आणि नोकरीत. चार मुलं म्हणजे काहीच नाही. विषय हातचा मळ.

५ ऑगस्ट
भाषण लिहिलं. मला शाळेत घालण्याआधी बाबांनी घरीच शिकवलं होतं, आधी दोष सांगावेत, मग गुण. लोकांचा विश्वास बसतो. म्हणून सुरुवातीला तोटे. प्रामाणिकपणे शोधल्यावर बरेच सापडले. फायदे त्याहून जास्त आहेत, पण ते नंतर. शेवट गोड तर सगळं गोड.

संध्याकाळी
दोन भाषांची बाजू एकाच भाषेत मांडणं म्हणजे लबाडी. प्रत्येक वाक्य आधी मराठीत, मग इंग्रजीत. कुठल्याच भाषेवर अन्याय नको.

६ ऑगस्ट
आईसमोर प्रॅक्टिस. दुसऱ्या तोट्यालाच म्हणाली, अगं, एकदा सांगितलेलं कळतं मला. मी म्हटलं, दुसऱ्यांदा इंग्रजीत होतं. म्हणाली, तेही कळलं, म्हणून तर म्हणतेय. धाकटा भाऊ घड्याळ लावून बसला होता. ताई, तुझे तोटे संपेपर्यंत त्या मुलांची लग्नं होतील, म्हणे. त्याला वक्तृत्वातलं काय कळतंय! स्टेजवर मी आपोआप भरभर बोलते. वेळेची काळजी नाही.

७ ऑगस्ट, दुपार
हॉल गच्च. तोटे फारच परिणामकारक झाले. ‘मार्क लगेच वाढत नाहीत’ याला टाळ्या पडल्या. दोन्ही वेळा. ‘आता फायद्यांकडे वळू’ एवढं मराठीत झालं आणि घंटा वाजली. त्याचं इंग्रजी राहून गेलं, याची रुखरुख आहे.
मॅडम म्हणाल्या, तुम्ही फारच खरं बोलता. मी थँक्यू म्हटलं.

८ ऑगस्ट
स्टाफरूमबाहेर मुलांची रांग! नावं द्यायला आली असतील म्हणून पेन घेऊन बाहेर गेले. नावं काढायला आली होती. एक मुलगी म्हणाली, मिस, तुम्ही वेळेवर सावध केलंत, एवढं कोण सांगतं हो? मी लगेच फायदे सांगायला घेतले. ती म्हणाली, मिस, बस चुकेल.
उरली दोघं. त्यातला एक आजारी आहे, त्याला अजून काही कळलेलं नाही.
पण विश्वास बसला, हे मान्य करायलाच हवं.

११ ऑगस्ट
वर्ग बंद. मॅडम म्हणाल्या, नोटीस दोन्ही भाषांत हवी, आणि दोन्ही धड लिहिणारं तुमच्याशिवाय इथे आहे कोण? मीच लिहिली. वर्ग बंद होत असल्याबद्दल एक ओळ, शिक्षिकेचं काम महिनाअखेर संपत असल्याबद्दल एक. मोठ्याने वाचून तपासली, आधी मराठी, मग इंग्रजी.
दोन भाषांचा नोकरीत उपयोग नाही, असं कोणी म्हणू नये. नोकरी गेल्याचं मला दोनदा कळलं, आणि दोन्ही वेळा एकही चूक नव्हती.