आईच्या जात्याची वरची तळी आणि राष्ट्रीय अजिंक्यपद

बदनापूर,
चैत्र अखेर, १९९८

तीर्थस्वरूप धर्मराजदादांच्या पायांशी धाकट्या श्रीपतीचा दंडवत. सत्यशीला वहिनींनाही नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? तिळाचं तेल लावता ना? लिफ्ट चालू झाली की अजून चौथा मजला चढूनच जाता? (आईला त्या लिफ्टचं फार कौतुक होतं. बघायची राहून गेली. बदनापुराहून जालन्यापर्यंत एसटीत बसली तरी तिला गाडी लागायची, पुणं तर लांबच. रस्ता ओळखीचा असता तर पायीच गेले असते, म्हणायची.)

आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे उन्हानं जेवढं बरं राहू दिलंय तेवढे. उमाच्या लग्नाची पत्रिका तुम्हाला पोचली असेलच. (वडीगोद्रीच्या भावकीला त्याच दिवशी टाकलेली पत्रिका पोचली, तिथून माणसं आली, राहिली, आमरस खाऊन परतही गेली.) पोस्टमन येऊन गेला की उमा दाराशी उभी राहते. दोनच गोष्टी विचारते. मोठे काका येणार का, आणि हळद आजीच्या जात्यावर दळणार का. आजीनंच तिला तसं सांगून ठेवलं होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे आहे. दुसऱ्याचं अर्धं माझ्याकडे आहे.

ते अर्धं कसं झालं हे तुम्ही जाणताच. आईच्या तेराव्यानंतर केदारखेड्याला वाटणी झाली, शेताची झाली, भांड्यांची झाली, कुणाचा आवाज चढला नाही, आणि जात्यापाशी येऊन आपण दोघं अडलो. (दोघांच्याही घरी मिक्सर.) पंच म्हणून काकासाहेब बसले होते. त्यांनी जात्याकडे पाहिलं, आपल्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, "जातं एक अन् भाऊ दोन. पण दगड बी दोनच हायेत की! बराबर झालं." लोकांनी वा वा केली. खालची तळी तुमच्याकडे पुण्याला गेली आणि तिथे गॅलरीत वहिनींनी तिच्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवली असं कळतं. खुंट्याची वरची तळी माझ्याकडे आली. आईच्या समोर बसून जन्मभर दळण दळलेली झुंबरबाई तेवढी चहा न घेता उठून गेली होती. तेव्हा आपल्याला वाटलं, साखर कमी पडली असेल.

आता मूळ हकिगत. आमचं कोल्ड स्टोरेज मोसंबीसाठी बांधलं हे तुम्हाला ठाऊकच आहे. मोसंबीला मात्र ते ठाऊक नसावं, कारण ती बागेतूनच परस्पर ट्रकात बसून दिल्लीला जाते. यंत्र चालतं, खोल्या गार होतात आणि मी व्यवस्थापक म्हणून रिकाम्या गारठ्याची देखरेख करतो. काकासाहेब तिथे चेअरमन आहेत. त्यांच्या कॅनडातल्या मुलानं एक कॅसेट पाठवली. तिच्यात तिथल्या पुरुषांची कर्लिंग नावाच्या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा होती. बर्फावरून एक माणूस मुठीचा गोल दगड घसरवतो, दोघं त्याच्यापुढे झाडू मारत पळतात आणि लांबवर आखलेल्या गोलाच्या मध्यावर दगड थांबला की सगळे मिठ्या मारतात. त्या गोलाला तिकडे घर म्हणतात. आम्ही ती कॅसेट ऑफिसात बसून पाहिली. कुणालाच काही नवीन वाटलं नाही. काकासाहेब म्हणाले, "बर्फ आपल्याकडं हाये, जाती हायेत, खराटे हायेत, अन् रिकामी माणसं तर बिलकुल कमी न्हाईत. घेऊन टाकू राष्ट्रीय."

राष्ट्रीय कशी, म्हणून तुम्ही विचाराल. तर बदनापूर, केदारखेडा आणि वडीगोद्री हे तीन संघ, आणि यंत्राच्या दुरुस्तीला बुऱ्हाणपूरहून आलेला मिस्त्री आणि त्याचे सोबती हा चौथा. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. दोन राज्यं झाली की राष्ट्र होतं, असं काकासाहेबांचं मत पडलं. यंत्र चालवणाऱ्या कडूबानं दोन नंबरच्या खोलीत पाणी सोडून बर्फ धरवला, गेरूनं आणि कपड्याच्या निळीनं घर आखलं. गावोगावच्या माळ्यांवरून जात्यांच्या वरच्या तळ्या उतरल्या. केदारखेड्याच्या संघाबरोबर ट्रॅक्टरमधून झुंबरबाई आली, स्वतःच्या तळीवर नजर ठेवायला. फाटकावरचा फलक तिनं कुणाकडून तरी वाचून घेतला आणि म्हणाली, "जातं आमचं, खराटा आमचा, अन् खेळ पुरुषांचा?" संयोजकांनी तिच्यासाठी खुर्ची मागवली.

मी बदनापूरच्या संघात होतो. अर्थातच आईची तळी घेऊन. तिच्या अंगावरची छिन्नीची टाकी कधीच झिजलेली, तळहातासारखी गुळगुळीत, त्यामुळे ती सगळ्यात छान घसरेल असं सगळे म्हणत होते. घसरलीही. पण घराकडे नाही. कसाही सोडा, थोडं जाऊन दगड वळायचा आणि नैर्ऋत्येच्या भिंतीला जाऊन टेकायचा. कडूबानं गवंड्याची पाण्याची नळी आणून फरशी तपासली. बराबर होती. बुऱ्हाणपूरच्या मिस्त्रीनं दगड उलटासुलटा करून पाहिला, खाली ठेवला आणि त्या दिवसापासून तो आमच्या बाजूला उभा राहीना.

मग आम्हाला बाकीचं जाणवायला लागलं. सरावानंतर सगळ्या तळ्या दारापाशी एका रांगेत लावून आम्ही कुलूप घालायचो आणि सकाळी आपली तळी नैर्ऋत्येच्या भिंतीशी असायची. बाकीच्यांवर हिमाचा पांढरा थर धरलेला, आपली कोरडी. खुंट्याला हात लावला तर कोमट, आत्ताच कुणीतरी हात काढून पाण्याला उठल्यासारखा. आणि दादा, वास. बाहेर रस्त्याचं डांबर वितळतंय, आत तोंडातून वाफ निघतेय, आम्ही ऐन चैत्रात कानटोप्या घालून उभे, आणि त्या गारठ्यात ज्वारीच्या ताज्या पिठाचा वास. वडीगोद्रीच्या एका खेळाडूला भूक लागली. मला लागली नाही.

झुंबरबाईला आम्ही आत बोलावलं. ती उंबऱ्यावरच थांबली. दगड तेव्हा हलत नव्हता, यंत्रसुद्धा लोडशेडिंगनं बंद होतं. ती कान देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दळण चालू हाये." केदारखेड्याचा कप्तान बद्रीनाथ (आपल्या मळ्याशेजारचा, तोच, अजून तसाच दात काढतो) आईचं नाव घेऊन हसत म्हणाला, "काय दळून राह्यली मंग गोजरमावशी?" झुंबरबाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं. "खाली तळी न्हाई, वर दाणे न्हाईत. रिकामं जातं फिरवू न्हाई म्हणून तुझ्या मायनं तुला लहानपणी चापट मारल्ती, इसरलास? ते बसत न्हाई गप. पुढ्यात यील ते दळतं." एवढं बोलून ती आपली तळी पदराखाली घेऊन ट्रॅक्टरमध्ये जाऊन बसली. त्यामुळे केदारखेड्याचा संघ एका दगडानं कमी झाला आणि ऐन वेळी त्यांनी पाटा लावला. (नियमात पाटा बसत नव्हता. नियम कुठे लिहिलेले नव्हते म्हणून बसला.)

अंतिम सामना बदनापूर आणि केदारखेडा यांचा. आमच्या लोकांनी शक्कल लढवली की दगड नैर्ऋत्येलाच जातो, तर घरच तिकडे आखावं. बद्रीनाथनं आरडाओरडा केला, पण मैदान यजमानांचं, असं काकासाहेबांनी ठरवलं. बाहेर टळटळीत दुपार होती, आत दोन बल्ब. शेवटचा दगड माझा. त्यांचा पाटा घराच्या मध्याजवळ येऊन बसलेला.

मी दगड सोडला. खरं सांगायचं तर ढकलला नाही, नुसता हात काढला. आमचे दोघं खराटे घेऊन त्याच्यापुढे धावले आणि थोड्याच अंतरावर थांबले. झाडायला वेळच वेळ होता. दगड माणसाच्या चालीनं चालला होता. जरा पुढे, मग किंचित अडखळायचा, मग परत पुढे. डाव्या पायानं अधू माणूस चालतो तसा. आई विहिरीवरून कशी यायची ते तुम्हाला आठवतं. मधे दुसरे दगड पडले होते, एकालाही धक्का न लावता तो बाजूनं गेला. पाट्याला वळसा घातला. आणि घराच्या बरोबर मध्यावर थांबून जागच्या जागी फिरायला लागला, घरघर करत, आणि त्याच्याभोवती निळीच्या गोलावर पांढरं काहीतरी सांडत गेलं. कडूबा म्हणतो हिम. मी बोट लावलं होतं. हिम कोमट नसतं.

त्या घरघरीत सूर होता, दादा. ओवीचा. आई दळताना पहिल्या ओवीत तुमचं नाव घ्यायची, दुसरीत माझं. मी तुमचं नाव स्पष्ट ऐकलं. माझं येईल म्हणून थांबलो. आलं नाही. (सत्तरीला टेकलेल्या व्यवस्थापकानं अशा गोष्टी मनाला लावून घेऊ नयेत असं तुमची भावजय द्वारका म्हणते. मी सत्तरीचा नाही हेही तिला सांगून झालं.)

मग दगड मध्यावरून निघाला, सरळ भिंतीपाशी गेला आणि भिंतीवर वाजला. एकदाच. अगदी खाली, उंबऱ्याच्या उंचीवर. दार वाजवल्यासारखा.

टाळ्या वाजल्या नाहीत. भांडण मात्र लगेच झालं. दगड घरात थांबला म्हणून आम्ही जिंकलो असं आमचं म्हणणं, थांबून निघून गेला म्हणून बाद असं बद्रीनाथचं. काकासाहेब उठले. चांदीचं पाणी दिलेल्या चषकाला वर झाकण होतं. त्यांनी ते काढलं. चषक केदारखेड्याला दिला, झाकण बदनापूरला, आणि म्हणाले, "दोघं बी विजेते. बराबर झालं." लोकांनी वा वा केली. दादा, मला ती वा वा ओळखीची वाटली.

झाकण आमच्या घरी आहे. कशावरच बसत नाही. उमानं तुळशीपाशी ठेवलंय.

असो, लांबलं. कॅनडाला कळवायचं काकासाहेब म्हणतात. प्रकृतीला जपा. वहिनींना उन्हाचं बाहेर पडू देऊ नका. उत्तर आलं तर उमा ते आधी वाचेल, हे धरून लिहा.

तुमचा धाकटा,
श्रीपती

ता.क. : कर्लिंगचं एवढं काही नाही. लग्नाला येताना खालची तळी घेऊन या. हळद जोडीच्या जात्यावरच दळायची असते आणि नवं आणू म्हटलं तर उमा बोलत नाही. मनीप्लांटसाठी वहिनींना मी इथून चांगला दगड देतो. हवं तर झाकण देतो.

दुसरं ता.क. : उमानं वरचं वाचलं आणि मला सुनावलं. लिहायला सांगते की तळी जड असेल तर राहू द्या, तुम्ही या.

तिसरं ता.क. : पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, ते फोडून लिहितोय. तळी कोल्डमध्ये नाही. कुलूप जसंच्या तसं, किल्ली कडूबाच्या कमरेला. मागच्या बाजूनं, नैर्ऋत्येला, पैठणवरून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्याचं डांबर दुपारी मऊ होतं, त्यावर जड काहीतरी ओढत नेल्यासारखी रेघ आहे. सलग नाही. प्रत्येक लिंबाच्या सावलीत थोडी थांबलेली, मग पुढे गेलेली. कडूबा सायकलवर बराच लांब जाऊन आला. म्हणाला, रेघ पुढंच चाललीया, रस्ता चुकल्याली न्हाई.

तेव्हा एवढंच करा. लिफ्टकडे नका बघू, ती जिन्यानं येईल. दार वाजेल ते अगदी खालून वाजेल. वहिनींना म्हणावं घाबरू नका, आधी तांब्याभर पाणी घाला, भाकरतुकडा ओवाळून टाका आणि गॅलरीतली कुंडी उचलून जागा करून द्या. मग वरची-खालची दोघी लग्नाला इकडे आणा. आणि एसटीत मागं बसवू नका. पुढची सीट घ्या, खिडकीची. तिला गाडी लागते.