फ्रेममध्ये झाकलेली करंगळी

प्रिय दादा,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. आता मध्येच 'बरं, ठेवतो' म्हणता येणार नाही. शनिवारी सकाळी दहाला बाळाला घेऊन माझ्या स्टुडिओत यायचं. वहिनी एका पायावर तयार आहे, तूच टाळतो आहेस. कशाला हवेत फोटो, म्हणे! अरे, आठ वर्षं मी जगाच्या तान्ह्या बाळांचे फोटो काढते आहे आणि सख्ख्या भाचीचे काढायचे नाहीत? आणि घाई एवढ्यासाठी, की दोन आठवड्यांची झाली की बाळं अशी गाढ झोपत नाहीत.

नोकरी सोडून मी हे काम धरलं तेव्हा तू म्हणाला होतास, झोपलेल्या बाळांचे फोटो काढायला काय अक्कल लागते. ये आणि बघ. बाळाला उघड्या अंगानं झोप लागावी म्हणून खोली इतकी गरम ठेवते की मी घामानं निथळते. तासभर शूऽ शूऽ करायचं, आवळलेली मूठ हळूच उलगडायची, आणि कॅमेरा उचलावा तर पठ्ठ्यानं अंगावर धार सोडलेली! पण खरं सांगू? मी या कामात जाम सुखी आहे. गेल्या महिन्यात जुळी आली होती. त्यातला मुलगा रडून रडून लालबुंद. बहिणीला शेजारी निजवलं, तिचा पाय त्याच्या पोटाला लागला आणि स्वारी गप्प. त्यांची आई आठवडाभर धड झोपली नव्हती, ती माझ्या सोफ्यावर चक्क घोरायला लागली. मी तिचाही एक फोटो काढला. तिनं घरात तोच मोठा करून लावला आहे.

आता आमच्या कामातलं एक गुपित. बाळ दोन्ही तळव्यांवर हनुवटी टेकून झोपलंय, असा फोटो तू पाहिला असशील. तसं कुठलंच बाळ राहत नाही रे. आईबाबांपैकी कुणीतरी एका फोटोत डोकं धरतं, दुसऱ्यात मनगटं, आणि मी दोन्ही जोडून ते हात पुसून टाकते. हात कुणाला दिसत नाही, पण तो नसेल तर मी कॅमेरा उचलतसुद्धा नाही. शनिवारी तो हात मला तुझा हवा आहे.

वहिनीनं सगळं सांगितलंय मला. तिच्यावर चिडू नकोस. नऊ दिवसांची झाली पोर आणि तू तिला एकदाही उचललं नाहीस. पाळण्यापाशी उभा राहतोस आणि हात पाठीमागे बांधतोस. म्हणतोस, सहा वर्षांचा असताना बहीण माझ्या हातून पडली, त्यानंतर मी तान्ह्या बाळाला हात लावलेला नाही. दादा, माझ्या भुवईवरचा तो व्रण मी रोज आरशात बघते, मला त्याचं काही वाटत नाही. पण तेव्हा आलेल्या टेंगळावरून घरानं माझं नाव पाडलं आणि आम्ही सगळे तुझ्यासमोर हसत राहिलो. ते तुला इतकं लागलं असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. चुकलंच आमचं.

पण तू म्हणतोस ते खोटं आहे. परवा आईच्या खोलीतला माझा तान्हेपणीचा फोटो, तोच भुवईला बँडेज असलेला, मोठा करून घ्यायला फ्रेममधून काढला. कडेच्या पुठ्ठ्याखाली त्याचा दोन बोटं रुंदीचा भाग इतकी वर्षं झाकलेला होता. तिथे माझ्या मानेखाली एक लहान हात आहे. शाईनं माखलेला, करंगळी वाकडी. आपल्या घरात तशी करंगळी एकट्या तुझी, आणि वहिनी म्हणते, आता तुझ्या लेकीचीही. बँडेज बघ, दादा. मी पडल्यानंतर आईनं मला पुन्हा तुझ्याच हातात दिलं होतं, आणि मी गाढ झोपले आहे. तो फोटो सोबत पाठवते. शनिवारी ये. तुझा हात मी पुसणार नाही.

तुझीच,
टेंगूळबाई